चक्कीच्या वळणावरचा आरसा

आधीच सांगून ठेवते, चक्की माही आहे अन् चक्कीची भिंतही माहीच आहे. कोणी म्हणते, शोभाताई, तुमच्या भिंतीनं गल्लीचं तोंड झाकलं. त्याले मी म्हणते, बाबू, भिंत आधीची आहे, तुही गाडी मागून आली. माह्या सासऱ्यानं चक्की बांधली तवा या रस्त्यानं सायकली जात. लोकं वळणावर घंटी वाजवत, पाय टेकवत, 'दळण झालं का' म्हणून विचारूनही जात. आता पोट्टे मोटरसायकलवर असे येतात, जसं यायच्याबिगर कोणाचं लगन अडून राहिलं आहे. मंग भिंतीले काहून बोल लावता?

पण मी भिंतीचं सांगायले नाही बसली, मले बळीरामभाऊचं सांगाचं आहे. हे आमच्या गल्लीत एकदम आतल्या घरात राहतात. कोराडीच्या पॉवर हाउसच्या स्टाफ बसवर ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. माणूस शांत, कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण एका गोष्टीत भल्ला हट्टी. ती म्हणजे आरसा. कोराडीत राख उडते, कोळशाचे ट्रक जातात, सकाळी पुसलेली काच दुपारी काळी होते. बळीरामभाऊ दर फेरीले दुपट्ट्यानं आरसा पुसत, मंग सीटवर बसत, पाठ टेकवत, अन् मंगच आरसा इकडं-तिकडं हलवून बराबर लावत. दुसरा कोणी लावून देतो म्हणला तं चालत नव्हतं.

"आरसा आपल्या सीटवर बसूनच लावा लागते, शोभाताई," दळण घ्यायले आले की ते मले सांगत. "उभ्यानं लावला तं बसल्यावर भलतंच दिसते."

मी म्हणे, हाव, पण माह्या चक्कीले कुठं आरसे आहेत, मले काहून सांगता? ते हसत अन् पुढच्या खेपेले पुन्हा तेच सांगत.

रिटायर झाले तवा डेपोतल्या मधुसूदन मिस्त्रीनं त्यायले शाल देल्ली अन् शालीसोबत त्यायच्याच बसचा डाव्या बाजूचा आरसा देल्ला. बस भंगारात निघाली होती. मोठा उभट आरसा, काच समोरून थोडी फुगीर. बळीरामभाऊनं तो घरात खिळ्याले टांगला. त्यायची सून मोनाली एकदा त्यात भांग पाडायले गेली अन् म्हणे, "बाबा, यात माहं नाक पुढं आलं अन् कान मागं पळाले." त्या दिवसापासून त्या आरशात कोणी तोंड पाहत नव्हतं. बळीरामभाऊ मात्र रोज पुसत.

आता प्रेमिला, म्हणजे बळीरामभाऊची बायको. तिचे कान हळूहळू गेले. आता म्हणाल तं काहीच ऐकू येत नाही. कानाचं मशीन आणलं होतं, पण ते लावलं की भांडे, कुत्रे, हॉर्न सगळं डोक्यात एकाच जागी वाजते म्हणे, म्हणून तिनं ते डब्यात ठेवून देल्लं. माही अन् तिची दोस्ती जमली ती याच्यामुळंच. चक्की चालू असली की मले तरी कुठं कोणाचं ऐकू येते? मी सारी जिंदगी गिऱ्हाइकाशी हातानं अन् ओठानं बोलत आली. चक्कीत आमी दोघी सारख्याच बहिऱ्या.

प्रेमिलाच्या पदराले एक किल्ली बांधलेली असते. रस्त्यापलीकडं बुद्ध विहार आहे, त्याची ती किल्ली. रोज सकाळी ती विहार उघडते, झाडते, मेणबत्ती लावते, मंग बाकीच्या बाया येतात अन् वंदना होते. वंदना तिले ऐकू येत नाही, पण बायांचे ओठ पाहून ती अशी म्हणते की ना कोणाच्या मागं ना कोणाच्या पुढं. येताना सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी घेऊन येते, मन झालं तं माह्यासाठीही. एखाद्या दिवशी हे नाही झालं तं घरात इकडून तिकडं फिरत राहते अन् मोनालीच्या स्वयंपाकात हात घालते. मोनालीच मले म्हणते, मावशी, आई विहारात गेल्या की घर सुखी असते.

तर थंडी लागून राहिली होती तवाची गोष्ट. एका सकाळी प्रेमिला गल्लीच्या तोंडावर आली, अन् माह्या भिंतीआडून एक पार्सलवाला मोटरसायकलवर आला. हॉर्न देल्ला त्यानं, खोटं काहून बोलू, मी ऐकला. पण तिनं कुठून ऐकाचा? हँडल कोपराले लागलं अन् ती पडली. हाड मोडलं नाही, पण कोपर सुजून टम्म झालं. पार्सलवाला पोट्टा तिच्यापेक्षा जास्त घाबरला होता, त्याले मी पाणी पाजलं अन् मंग चांगलं झापलं.

रोशन, त्यायचा मुलगा, मिहानमधे कंपनीत कामाले जाते. तो संध्याकाळी घरी आला तवा मीही तिथंच होती. तो आईच्या समोर बसला, ओठ दिसतील असं सावकाश बोलला. "आई, किल्ली देऊन टाक. आता एकटीनं रस्ता ओलांडाचा नाही." पोटातून बोलून राहिला होता पोट्टा. मी त्याले दोष देत नाही, ज्याचं जळते त्याले कळते.

प्रेमिलानं किल्ली मुठीत धरली अन् म्हणली, "नाही." तिले आपला आवाज कळत नाही, तो 'नाही' साऱ्या गल्लीनं ऐकला.

मोनाली म्हणली, "मी नेऊन देत जाईन न आई, अन् घेऊनही येईन."

"मी काय दळणाचा डबा आहे, कोणी नेऊन ठेवाले अन् कोणी घेऊन याले?"

मले हसू आलं, पण हसाची वेळ नव्हती. तिच्या डोळ्यात पाणी होतं. एक किल्ली म्हणजे काय मोठी गोष्ट, असं वाटन कोणाले. पण कान गेल्यापासून बाईच्या हातातून एकेक गोष्ट निसटून राहिली होती, फोन गेला, टीव्ही गेला, लग्नातल्या गप्पा गेल्या. तिची म्हणून आता हीच एक राहिली होती.

 बळीरामभाऊ उठले, खिळ्यावरून आरसा काढला अन् रोशनले म्हणले, "वळणाचा बंदोबस्त मी करतो. जमलं तं किल्ली तिच्यापाशी राहीन. नाही जमलं तं तू म्हणतो तसं."

रविवारी बंदोबस्त झाला. गल्लीच्या तोंडासमोर, रस्त्यापलीकडच्या घराच्या फाटकाचा खांब आहे. घरवाल्याले विचारून त्या खांबावर उंच लोखंडी पट्टी ठोकली अन् तिच्यावर आरसा चढवला. रोशन शिडीवर. अन् बळीरामभाऊ कुठं? आपल्या ओट्यावर, खुर्चीत, पाठ टेकवून. तिथून हातानं खुणा करून राहिले होते. डावीकडं. अजून. थोडा वर. बस. मंग खुर्चीतूनच म्हणले, "आता भिंतीमागचा रस्ता असा दिसून राहिला, जसा बसमधून दिसे." सगळ्यायले बरं वाटलं. मोनालीनं चहा केला, मलेही देल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चक्कीचं शटर वर करत होती. प्रेमिला किल्ली घेऊन आली, तोंडावर थांबली, आरशाकडं पाहिलं, मान तिरपी करून पुन्हा पाहिलं, अन् टाकला पाय पुढं. तितक्यात गल्लीच्या आतून बळीरामभाऊचा आवाज आला, "थांब वं! प्रेमिला, थांब!" त्या माणसाचा असा आवाज मी कधीच ऐकला नव्हता. कुत्रं उठून बसलं. खिडकीतून माणसं डोकावली. शटर माह्या हातात अर्धंच राहिलं. सारी गल्ली थांबली, एक प्रेमिलाच चालत राहिली.

मोटरसायकलवाल्यानं कचकन ब्रेक मारला, टायरचा जळका वास आला. वाचली. तिनं त्याले पाहिलं, मले पाहिलं, पदर सारखा केला अन् विहार उघडायले गेली. मी बळीरामभाऊपाशी गेली तं ते खुर्चीत बसून होते, चहा सांडला होता.

"मले दिसलं, शोभाताई," ते म्हणले. "आरशात सगळं बराबर दिसलं. अन् मी काय केलं, तं ओरडलो."

 मी बशी उचलली अन् आत नेऊन ठेवली.

त्या संध्याकाळी मीही त्यायच्या घरी गेली. बोलावलं नव्हतं, पण मले घरी बसवेना. रोशननं आईसमोर हात पसरला. प्रेमिलानं पदराची गाठ सोडली.  पण किल्ली तिनं रोशनच्या हातात देल्ली नाही, बळीरामभाऊच्या हातात ठेवली, अन् त्यायचा तोच हात धरून त्यायले ओढत वळणावर घेऊन आली. आमी सारे मागं मागं. तिनं त्यायले नेमकं तिच्या जागेवर उभं केलं. बळीरामभाऊ उंच, ती बुटकी. मंग दोन्ही खांद्यावर हात ठेवून तिनं त्यायले खाली दाबलं, गुडघे वाकवून ते तिच्याएवढे झाले.

"पाहा," म्हणली.

त्यायनं पाहिलं. मी बी वाकून पाहिलं. आरशात आभाळ होतं, कोणाच्या तरी गच्चीवरची काळी पाण्याची टाकी होती, टाकीवर एक कावळा होता. रस्ता नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं.

 मंग बळीरामभाऊ तिच्याकडं तोंड करून, ओठ दिसतील असं म्हणले, "मी माह्या सीटवरून लावला."

"मंग मी काय तुमच्या खुर्चीत बसून रस्ता ओलांडू?" प्रेमिला म्हणली, अन् हसली. सकाळपासून पहिल्यांदा कोणी हसलं.

मी नाही सोडलं. मी म्हणलं, बह्याड माणसा, सीटवर बसून आरसा लावा म्हणून मले शिकवून शिकवून माहं डोकं खाल्लं, अन् सीट कोणाची ते पाहिलं नाही? ते म्हणले, "हाव शोभाताई, बराबर आहे." असा माणूस. भांडाची काही मजाच ठेवत नाही.

मंग उलटं काम झालं. प्रेमिला आपल्या जागेवर उभी, बळीरामभाऊ शिडीवर. रोशननं चढू देत नाही म्हणून लय धिंगाणा केला, शेवटी शिडी धरून उभा राहिला. या वेळी खुणा प्रेमिलाच्या. आरसा खाली, अजून खाली, थोडा उजवीकडं. तिनं मूठ बंद केली तवा त्यायनं पाना कसला. आता तिले भिंतीमागचा रस्ता दिसत होता. पण तिचं तोंड काही खुललं नाही. आरशात एक स्कूटी दिसली, नखाएवढी, दूर कुठं तरी. तिनं मान काढून पाहिलं तं स्कूटी माह्या भिंतीपाशी आलेली.

"हा आरसा खोटा आहे," ती म्हणली. "जवळचं दूर दाखवते."

बहिऱ्या माणसाले हे तोंडानं समजावून कसं सांगाचं? बळीरामभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी घरातून कढीची मोठी स्टीलची पळी घेऊन आले, अन् तिले घेऊन माह्या चक्कीत शिरले. माह्या पत्र्याले एक भोक आहे. सकाळी त्यातून उन्हाची तिरीप आत येते, अन् हवेत पीठ असते म्हणून ती तिरीप पांढऱ्या काठीवानी दिसते. मी ती रोज पाहते, पण तिचं काही करता येते हे मले कुठं मालूम?

त्यायनं पळीची खोलगट बाजू तिरपेत धरली. उजेड पळीतून परत फिरला अन् समोर हवेतच एका ठिकाणी गोळा झाला, अन् तिथून पुढं पुन्हा फाकला. पिठात सगळं दिसत होतं. वरून आलेला उजेड त्या ठिकाणातून खाली चालला होता अन् खालून आलेला वर. त्यायनं बोटानं दाखवलं, हा इकडं गेला, हा तिकडं. मंग पळी प्रेमिलाच्या तोंडासमोर धरली. तोंड उलटं, हनुवटी वर अन् कपाळ खाली. मी पाहिलं तं मीही उलटी, माह्या डोक्याखाली माही चक्की लटकलेली. मंग त्यायनं बोट पळीच्या एकदम आत नेलं तं ते बोट सरळ झालं अन् केळाएवढं मोठं दिसाले लागलं. मी अख्खी जिंदगी अशाच पळीनं कढी वाढली, तिच्या पोटात इतके धंदे आहेत हे मले ठाऊक नव्हतं.

मंग त्यायनं पळी पालथी केली. आता उजेड फुगीर पाठीवर पडला अन् चारी बाजूले पसरला, कुठं गोळाच होईना. बळीरामभाऊनं एकेका पसरलेल्या रेघेवरून बोट उलटं मागं नेलं, पळीच्याही मागं. सगळ्या रेघा तिथं एका जागी भेटत होत्या, म्हणजे भेटल्यावानी वाटत होत्या. तिथं काहीच नव्हतं, नुसता त्यायचा हात. ते म्हणले, "डोळ्याले वाटते, उजेड इथून आला. म्हणून आरशामागं काही नसून आपल्याले माणसं तिथं दिसतात." मंग पळीची पाठ तिच्यासमोर धरली. त्यात प्रेमिला होती, सरळ, अन् तिच्यामागं मी, पोते, चक्कीचं दाणे टाकाचं चाडं, दार, दाराबाहेरचा रस्तासुद्धा. सगळे सरळ उभे अन् सगळे लहान.

"खोटा नाही तो," बळीरामभाऊ सावकाश म्हणले. "सगळ्यायले बसवाचं म्हणलं तं सगळ्यायले सरकून बसा लागते. सपाट आरसा लावला असता तं गाडी मोठी दिसली असती, पण अर्धा रस्ता मावला नसता."

बसवाल्याची बायको ती, तिले सरकून बसाचं लवकर समजलं. तिनं पळी हातात घेतली अन् माह्यासमोर आत-बाहेर करत राहिली, मी उलटी होते का पाहाले. मी म्हणलं, पुरे वं, मले दळण आहे.

मंग सवयीचं काम सुरू झालं. मोनाली स्कूटीवर त्या कोपऱ्यापासून या कोपऱ्यापर्यंत येऊन राहिली, अन् प्रेमिला आरशात पाहून हात वर करून राहिली. बळीरामभाऊनं तिले सांगितलं होतं, किती दूर आहे ते आरशाले विचारू नको, केवढी दिसते तेवढं पाह्य. बोटाच्या नखाएवढी असली तं जा. लिंबाएवढी झाली तं थांब. पहिल्या दिवशी चुकली, दुसऱ्या दिवशी कमी चुकली. मोनालीचं पेट्रोल अन् माह्या गिऱ्हाइकाचा वेळ गेला, कारण सगळे दळण सोडून तमाशा पाहत उभे. पण शेवटी शेवटी ती मान न वळवता सांगाले लागली, स्कूटी आहे का ऑटो आहे का भाजीचा ठेला.

रोशनचा तरी भरवसा बसेना. एका सकाळी तो न सांगता मागच्या रस्त्यानं फिरून मोटरसायकल घेऊन आला, भिंतीआडून, हॉर्न न देता. मी चक्कीतून पाहून राहिली होती. प्रेमिला तोंडावर आली, आरशाकडं पाहिलं अन् थांबली. आरामात थांबली. रोशन तिच्यासमोरून गेला तशी ती साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी म्हणली, "हेल्मेट कुठं आहे रे तुहं?"

पोट्टा पुढं जाऊन गाडी उभी करून हसत बसला. मंग परत आला, बापापाशी गेला अन् म्हणला, "बाबा, देऊन टाका तिची किल्ली." त्या संध्याकाळपासून ती बळीरामभाऊच्या खिशातच होती. त्यायनं ती तिच्या पदराले स्वतः बांधली, अन् गाठ अशी मारली की प्रेमिलाले संध्याकाळी दातानं सोडा लागली.

इथं गोष्ट संपाले पाहिजे होती, पण प्रेमिलाले आरसा अजून थोडा फिरवाचा होता. त्याच संध्याकाळी तिनं बळीरामभाऊले पुन्हा शिडीवर चढवलं. थोडा डावीकडं, तिनं हात केला.

"तिकडं काहून?" ते वरून म्हणले. "तिकडून गाडी येत नाही. तिकडं आपली गल्ली आहे, आपला ओटा आहे."

"थोडाच."

त्यायनं बोटभर फिरवला. तिनं पाहिलं, रस्ता अजून दिसत होता. "आता जाऊन खुर्चीत बसा," म्हणली. बळीरामभाऊ गेले अन् बसले. ती आरशाकडं पाहत उभी राहिली अन् एकदम म्हणली, "दिसले." आरशाच्या एकदम काठाले ओटा होता, ओट्यावर खुर्ची होती अन् खुर्चीत शेंगदाण्याएवढे बळीरामभाऊ होते. तिले ते दिसले म्हणजे त्यायले तीही दिसत असणार, आरशाचं असंच असते म्हणतात.

मले ती म्हणली, "ते ओरडतात, मले ऐकू येत नाही. आता हात करतील."

तवापासून हे रोजचं आहे. बळीरामभाऊ चहा घेऊन खुर्चीत बसतात. प्रेमिला वळणावर येते, थांबते, रस्ता पाहते, मंग आरशाचा काठ पाहते. ते हात वर करतात, ती हात वर करते अन् रस्ता ओलांडते. आरसा मात्र आता मले पुसा लागते, कारण माह्या चक्कीचं पीठ उडते म्हणे. भिंत माही, पीठ माहं, सगळे गुन्हे माहेच.

परवा मी पाहिलं, प्रेमिला वळणावर येऊन उभी राहिली अन् राहिलीच. रस्ता एकदम खाली, ना गाडी ना सायकल. मी शटरपाशी उभी राहून पाहत होती, जाते मंग जाते, पण नाही. शेवटी आतून बळीरामभाऊ ओट्यावर आले, खुर्चीत बसले, हात वर केला, अन् तिनं पाय उचलला. परत आली तवा मी तिले विचारलं, रस्ता तं खाली होता वं, काहून थांबली होती?

तिनं सांबाराची जुडी माह्या हातात देल्ली.

"रस्ता दिसला," ती म्हणली. "ते नाही दिसले."